चराच्या तळाची रेघ

“ही रेघ कोणी मारली?”

सोपानगिरी महाराजांनी यंत्र बंद करून विचारलं.

खांबेटे सरांनी तोंडावरचा फडका खाली ओढला. भुवया, मिशा, चष्म्याच्या काचा, सगळं तपकिरी भुशानं माखलेलं. प्रश्न त्यांना स्वच्छ ऐकू आला होता, तरी त्यांनी विचारलं, “कुठली?”

“एकच तर उरली आहे.”

खांबेटे मिशांवरचा भुसा झटकू लागले…

आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात हा मठ. मठात देव आहे, पण येणारा माणूस आधी सुतारशाळेत डोकावतो, कारण महाराज तिथं सापडतात. संन्यास घेण्याआधी ते कारखान्यांतून यंत्रं उभी करत. भगवी वस्त्रं चढली, तरी हाताची ती सवय सुटली नाही. संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणारं एक मोठं यंत्र त्यांनी भंगारातून आणून इथं चालतं केलं होतं.

त्या यंत्राच्या लोखंडी मेजावर एक जाड फळी बोल्टांनी आवळलेली असते. कोरायचं लाकूड तिच्यावर ठेवायचं. कटर, म्हणजे यंत्राचं फिरतं पातं, लाकडाच्या आरपार गेला, तर या फळीत रुततो, लोखंडाला लागत नाही. लोखंडाच्या वाट्याचे घाव ही फळी सोसते. मठात तिला नुसतं ‘खालची फळी’ म्हणत.

घाव सोसून ती उंचसखल होते. मग रुंद तोंडाचा कटर लावून तिचाच पातळ थर उतरवायचा. ज्या यंत्रानं पुढं कोरायचं, त्याच यंत्रानं आधी ही जागा सपाट करायची. मठातला रिवाज असा, की थर उतरवण्याआधी फळीभर पेन्सिलीनं आडव्याउभ्या रेघा मारायच्या. कटर जिथं पोचला तिथली रेघ जाते. रेघ उरली, म्हणजे ती जागा अजून खोलात आहे, पुन्हा फिरवायचं.

खांबेटे सकाळपासून फिरवत होते.

सर निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पत्नी गेल्यावर मठात आले आणि “काहीतरी हातांनी करायला द्या” म्हणाले. महाराजांनी हे यंत्र दिलं. आकडे देणं, नकाशे चढवणं सर चटकन शिकले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरातला एकेक आकडा त्यांना पुन्हा आठवे, आणि तो बरोबर होता याची खात्री काही केल्या पटत नसे.

तालुक्याच्या गावातल्या अंध मुलांच्या शाळेसाठी ते महाराष्ट्राचा नकाशा कोरत होते. डोंगर उठावाचे, नद्या बारीक खाचांच्या, बोटांनी वाचायच्या. पहिला नकाशा बिघडला. खालची फळी नकाशाच्या पूर्वेच्या बाजूला खचलेली होती, म्हणून लाकूड तिकडं खाली बसलं आणि गोदावरीची खाच उथळ होत होत नाहीशी झाली. शाळेच्या बोधे मास्तरांनी निरोप पाठवला होता, “आमच्या एका मुलीनं विचारलं, सर, पैठणच्या पुढं गोदावरी आटली का? मी काय सांगू ते कळवा.”

हा निरोप सरांच्या जिव्हारी लागला.

नवा नकाशा उद्या सकाळी न्यायला बोधे मास्तर येणार होते. शिवणीच्या झाडाचं एवढं रुंद लाकूड एकच शिल्लक होतं. संध्याकाळी वीज जाते, हे डोंगरावरच्या वासरालाही ठाऊक होतं. आणि भरीस भर म्हणून परवा, चाचणीच्या वेळी, सरांच्या हातून दशांशचिन्ह राहून गेलं होतं. कटर सरळ खाली घुसला आणि फळीच्या मधोमध बोटाचं पेर बुडेल एवढा खोल चर पाडून थांबला.

आता फळी सपाट झाली होती. सगळ्या रेघा गेल्या होत्या. त्या चराच्या तळाशी मात्र एक काळी रेघ ठसठशीत दिसत होती.

“मीच मारली,” खांबेटे शेवटी म्हणाले.

“चराच्या तळाशी?”

“पेन्सिल आत घालून मारली. फळीभर मारायच्या, असं आपण सांगितलं होतं.”

“हं.”

“ती चूक माझी आहे, महाराज. तीच जागा तेवढी वगळायची, हे मला बरं वाटलं नाही.”

महाराज खाली वाकले. फळीच्या कोपऱ्यातल्या बोल्टाजवळ त्यांनी नखानं थोडं उकरलं. कागदाएवढा थर निघाला आणि खाली बोल्टाचं पितळी डोकं चमकलं.

“आणखी एकदा फिरवलं असतं, तर?”

खांबेट्यांनी पितळाकडं पाहिलं. “कटर बोल्टावर गेला असता.”

“कटर गेला असता. फळी गेली असती. उद्या बोधे मास्तर मोकळ्या हातांनी गेले असते… आणि तुमची रेघ?”

“रेघ तरीही उरलीच असती.”

“मग हा सौदा कुणाच्या फायद्याचा?”

खांबेटे चष्मा पुसू लागले. धोतराच्या सोग्यालाही भुसा होता, त्यामुळं काचा होत्या त्याहून गढूळ झाल्या.

“मी हे काम सोडतो, महाराज,” ते हळूच म्हणाले. “आपण दुसऱ्या कुणाला सांगा.”

“दुसरं कोण आहे? गाय आहे.”

“मी थट्टा करत नाही.”

“मीही नाही. गाय निदान चारा खाताना परवाचा चारा आठवत नाही.”

खांबेट्यांना हसू आलं नाही. महाराज लाकडी ठोकळ्यावर बसले. बाहेर कुणीतरी आवारात शेणी थापत होतं, त्याचा थप थप आवाज येत राहिला.

“खांबेटे, कॉलेजात पेपर तपासत होता, तेव्हा असंच तपासत होता का?”

“छे. पोरांना मी सूट देत असे. एखादी पायरी चुकली, तरी पुढचं बरोबर असेल तर गुण देई. माझी त्याबद्दल ख्याती होती.”

“मग स्वतःला का नाही देत?”

“ते विद्यार्थी होते, महाराज.”

“आणि तुम्ही?”

खांबेटे फळीवरचा भुसा हातानं झाडू लागले…

आपण स्वतःशी कठोर आहोत, ही त्यांनी आजवर आपली एकुलती एक जमेची बाजू मानली होती. शंका घेत घेत उभ्या केलेल्या आयुष्यात तेवढ्या एका गोष्टीवर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. आता ती घ्यावी लागेल की काय!

महाराज उठले. पेन्सिलींच्या डब्यातून त्यांनी खोडरबर काढलं. फळीवर ओणवे झाले, बोट चरात घातलं आणि रेघ खोडू लागले. शाळेतलं पोर वही खोडतं तसं, जीभ किंचित दातांत धरून. खोडून झाल्यावर फुंकर मारली.

“गेली.”

खांबेटे बघतच राहिले. “महाराज, ही लबाडी आहे.”

“कुणाशी?”

“नियमाशी. रेघ कटरनं जायला हवी. आपलाच नियम आहे.”

“रेघ फळीवर मारायची, असा नियम आहे.”

“मी फळीवरच…”

“तिथं फळी कुठं आहे?” महाराजांनी पुन्हा चरात बोट घातलं. “इथं ती नाही, म्हणून तर चर म्हणायचं. जिथं फळीच नाही तिथं तुम्ही रेघ मारलीत, खांबेटे, आणि ती पुसायला सगळी फळी झिजवायला निघालात.”

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना या वाक्यात कुठं खोट सापडते का, ते पाहू द्यावं म्हणून महाराज थोडे थांबले. खांबेट्यांनी खरोखरच शोधली. सापडली नाही. त्यामुळं त्यांना बरं वाटायच्या ऐवजी अधिकच उघड्यावर पडल्यासारखं वाटलं.

“लाकूड आणा,” महाराज म्हणाले.

दोघांनी मिळून शिवणीचं लाकूड उचलून आणलं. खांबेट्यांची पावलं फळीशी येऊन अडखळली.

“ते नेमकं चरावर येईल.”

“येऊ दे.”

“मध्ये खाली पोकळ राहील, महाराज.”

“तळहात भिंतीला टेकवलात, तर मधे पोकळ राहतंच. म्हणून तोल जातो का?”

खांबेट्यांनी लाकूड टेकवलं. कोपऱ्यांवर दाबून पाहिलं. कुठं हललं नाही. शिकंजे आवळले, पुन्हा दाबून पाहिलं, मग गुडघ्यावर बसून लाकूड आणि फळी यांच्यामध्ये उजेडाची फट दिसते का ते चारी बाजूंनी पाहिलं. दिसली नाही.

मग ते आकड्यांकडं वळले. खोलीचा आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला. दशांशचिन्हासकट. मग पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला लागले, तेव्हा महाराज म्हणाले, “देवाला ऐकू गेलं. आता दाबा बटण.”

“चुकलं तर?”

महाराज दाराशी गेले, चपला पायात सरकवल्या आणि गोठ्याकडं चालू लागले.

खांबेटे एकटेच उरले. त्यांनी बटण दाबलं.

दुपारभर यंत्र गुणगुणत राहिलं. सह्याद्री वर आला, त्याच्या कुशीतून एकेक नदी उतरू लागली. खांबेटे स्टुलावर बसून होते. दुपारचं जेवण झाकलेलं तसंच राहिलं. उन्हं कलली तसा कटर शेवटची खाच संपवून वर उचलला गेला, आणि थोड्याच वेळात वीज गेली.

सकाळी बोधे मास्तर जीपमधून आले. भूगोलाचे शिक्षक. जन्मापासून डोळ्यांनी अधू, आणि चेष्टा करण्यात कुणाला हार न जाणारे. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून ते सुतारशाळेत आले.

“कुठं आहेत ते नदी आटवणारे सर?”

“इथं आहे,” खांबेटे म्हणाले.

“दुष्काळ संपला का?”

“आपणच पाहा.”

बोधे मास्तरांनी नकाशावर दोन्ही पंजे पसरले. पश्चिमेकडून सुरुवात केली. घाट चढले, उतरले. मग उजव्या हाताची तर्जनी त्र्यंबकाच्या डोंगरापाशी टेकवून त्यांनी खाच धरली आणि पूर्वेकडं निघाले. नाशिक मागं पडलं. बोट सावकाश चाललं होतं. पैठणला ते थांबलं…



“पैठण,” बोधे मास्तर म्हणाले, आणि बोट पुढं गेलं. त्याच खोलीत, त्याच चालीनं. परभणीच्या खालून, नांदेडला, आणि तसंच सीमेवरून बाहेर. “गेली बाई सासरी. पोरगी खूश होईल.”

ड्रायव्हर नकाशा गोणपाटात गुंडाळू लागला. खांबेटे पुढं झाले. त्यांच्यानं राहवेना.

“मास्तर, आपल्याला एक सांगायला हवं. खाली एक मोठा चर राहिला आहे. माझ्या चुकीनं पडलेला.”

“अरे देवा. कुठं?”

बोधे मास्तरांनी गोणपाट बाजूला सारून नकाशा उलटा करवला. पाठीवरून हात फिरवला, एकदा सरळ, एकदा तिरका. “मला तर काही लागत नाही.”

“नकाशाला नाही. यंत्रावरच्या फळीला.”

“यंत्रावरच्या?”

“हो. हिच्यावर ठेवून नकाशा कोरला, ती फळी.”

बोधे मास्तरांनी नकाशा पुन्हा सरळ करवला. “ती फळी तुम्ही मला देणार आहात का?”

“नाही.”

“मग सर, माझ्या मुलांनी तिथं बोट कशाला घालायचं?” त्यांनी चाचपडत खांबेट्यांचा हात धरला, दाबला आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चल बाबा. हे गृहस्थ आणखी काही कबूल करायच्या आत निघू.”

जीप वळणाआड गेली. धूळ बसली.

खांबेटे सुतारशाळेत परतले. महाराज कटर पुसत उभे होते. मोकळ्या झालेल्या फळीवर तो चर मधोमध उघडा दिसत होता. सर त्याच्याकडं बराच वेळ पाहत राहिले. काल त्यांना तो जेवढा मोठा वाटला होता, तेवढाच आजही वाटत होता.

“महाराज,” ते म्हणाले, “मी प्रामाणिकपणे विचारतो. नकाशा चांगला झाला, हे मला कळतं. पण हा चर डोळ्यांसमोरून जात नाही. आज मोकळी आहे फळी, उद्याही असेल… याचं मी काय करू?”

महाराजांनी कटर खुंटीला लावला, हात झटकले.

“त्याच्यावर पुढचं लाकूड ठेवा.”