गुडघा आणि कंबर

फार जुन्या काळी, नदीवर पूल बांधायचं अजून कुणाच्या मनातही आलं नव्हतं तेव्हा, तिच्या काठी विणकरांचं एक गाव होतं. गावात घरोघरी माग. माणसं सकाळपासून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत आणि पायांनी पावड्या दाबत दाबत लुगडी विणत. दिवसभर असं बसून अंग आखडून जाई. म्हणून ऊन कललं की सगळे बाप्ये नदीच्या वाळूत हुतूतू खेळायला जमत. बक्षीस नाही की बिदागी नाही, नुसती हौस. नातवंडं झालेले गडीसुद्धा धोतराचा काचा मारून उतरत.

त्या गावाची एक रीत होती. वाळूत रेघ ओढायच्या आधी सगळ्यांनी गोल बसायचं आणि ज्याचं जे दुखत असेल ते मोठ्यानं सांगायचं. कुणी म्हणे, "माझा खांदा धरलाय." कुणी म्हणे, "टाच टेकवत नाही." ज्यानं सांगितलं तो त्या दिवशी काठावरच्या धोंड्यावर बसे. सोबती त्याला कोमट तिळाचं तेल चोळत, तापल्या वाळूच्या पुरचुंडीनं शेकत. दुखणं उतरलं की गडी पुन्हा मैदानात. त्याला कुणी हसत नसे.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष हेच, की त्या गावात म्हातारपण आलं तरी खेळ सुटत नव्हता. शहाण्यांच्या गावांतही हे जमलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

बाळोबा हा त्या गावातला नावाजलेला चढाईवाला. दम घेऊन समोरच्या अंगणात घुसला की दोघांना शिवल्याशिवाय परत येत नसे. पण केस पांढरे झाले आणि त्याचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. एका संध्याकाळी त्यानं रीतीप्रमाणे सांगितलं, "माझा गुडघा ठणकतोय," आणि तो धोंड्यावर जाऊन बसला.

त्या दिवशी त्याच्या जागी एका तरण्या गड्यानं चढाई केली आणि डाव जिंकला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बाळोबाच्या गुडघ्याला तेल लागत होतं आणि काळजात आग लागली होती. खरं तर त्यालाही टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण एवढं मोठं मन त्याच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो गोलात बसून सांगू लागला, "मला कुठं काही नाही."

गुडघा मात्र ऐकेना. तेव्हा बाळोबानं गावोगाव फिरणाऱ्या एका जडीबुटीवाल्याकडून बधिर करणारा लेप घेतला. जडीबुटीवाला खोटा माणूस नव्हता. त्यानं बजावलं, "लेप लावून निजायचं, दादा. लेप लावून पळायचं नाही. दुखणं गप्प होतं, बरं होत नाही."

बाळोबानं मान डोलावली आणि रोज खेळायला निघण्याआधी लेप लावून वर फडकं गुंडाळू लागला. बायको भागू म्हणाली, "अहो, याच पायावर आपला माग चालतो. जरा दमानं घ्या."

"तू सुताच्या कांड्या भर," बाळोबा म्हणाला. "खेळातलं तुला काय कळतंय?"

इथवर नुकसान होतं ते एकट्या बाळोबाचं. पण खोटं बोलणाऱ्याला खरं बोलणारा माणूस डोळ्यांसमोर सहन होत नाही. त्याचा बालमित्र हैबती एकदा गोलात म्हणाला, "माझी कंबर भरून आलीय."

"कंबर?" बाळोबा हसला. "मग उद्यापासून डोक्यावर पदर घेऊन ये!"

सगळे हसले. त्या गोलात कुणाच्या दुखण्यावर लोक हसले, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. हैबतीही कसनुसा हसला आणि उठून खेळायला उतरला.

त्यानंतर कुणीच काही सांगेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "कुठं काही नाही." धोंडा रिकामा राहू लागला. लोकांना वाटलं, गाव भलतंच धडधाकट झालं! बाळोबाला तर आपण गावाला मर्दानगी शिकवली असंच वाटू लागलं.

मग व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी चढाई करताना बाळोबाचा पाय वाळूत रुतला आणि गुडघा पिरगळला. दुखत असतं तर तो तिथंच बसला असता. पण लेपानं पाय बधिर होता. त्यानं तशीच उसळी घेतली आणि कडकन आवाज झाला. तो काय मोडलं ते बघायला वळला आणि कोसळला.

गाव वर होतं, वाट चढणीची होती. बाळोबा ओरडला, "हैबती, उचल मला! बघत काय राहिलास?"

हैबती क्षणभर घुटमळला. नाही म्हणावं, तर कंबरेचं सांगावं लागणार होतं. सांगितलं असतं तर कुणी हसलंही नसतं कदाचित. पण पहिलं हसणं त्याच्या कानात अजून होतं. त्यानं बाळोबाला पाठुंगळी घेतलं. आधीच्या दिवसांत चौघांनी हैबतीला बाजूला सारून स्वतः बाळोबाला उचललं असतं. आता कुणाचं काय दुखतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्ध्या चढणीवर हैबतीच्या कंबरेत कळ गेली आणि तो बाळोबासकट खाली बसला. तो पुन्हा आपल्या पायावर उभा राहिला नाही.

बाळोबाचा गुडघा जुळला, पण वाकेनासा झाला. न वाकणारा पाय मागाच्या खड्ड्यात उतरत नाही. मग भागू पावड्या दाबू लागली आणि बाळोबा कोपऱ्यात बसून कांड्या भरू लागला. हैबतीच्या घरचा माग मात्र बंदच पडला, कारण त्याच्या जागी पावड्या दाबायला घरात दुसरं माणूस नव्हतं.

पुष्कळ दिवसांनी बाळोबा काठी टेकत हैबतीच्या खाटेशी गेला. म्हणाला, "हैबती, खरं सांगतो. माझा गुडघा तेव्हा रोज ठणकत होता."

"ठाऊक होतं मला," हैबती म्हणाला. "तू लंगडत घरी जायचास, ते मी मागून बघायचो. मी तुला हसलो नाही, बाळोबा."

एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाळोबा दिवस मावळेपर्यंत बसून होता, पण ते तोंड काही परत वळलं नाही.

लहानांनो आणि थोरांनो, तात्पर्य एवढंच: आपलं दुखणं लपवणारा स्वतः मोडतो, आणि दुसऱ्याच्या दुखण्याला हसणारा त्यालाही मोडून ठेवतो.