खिळ्यावरचं लेबल

"आणि हे काय?"

चाचांनी भिंतीकडं बोट केलं. केलेलं बोट खाली घेतलंच नाही.

भिंतीत एक खिळा होता. खिळ्यावर काही नव्हतं. खिळ्याखाली मात्र लेबल होतं, मीच चिकटवलेलं, एकदम सरळ, एकही बुडबुडा न येऊ देता.

'कानस. मालन.'

"वाचता येतं की तुम्हाला," मी म्हणाले.

"येतं. म्हणूनच विचारतोय."

"मग कळलं असेल."

चाचांनी बोट खाली घेतलं. तोच हात सदऱ्याच्या खिशावर ठेवला.

खिशात कानस होती.

…

दस्तगीरचाचा पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे वाजवायची, हार्मोनियम. कुरुंदवाडात घराच्या मागच्या पडवीतच त्यांचा कारखाना. मी, मालन, तिथं अकरा वर्षं काम करते. भाता शिवते, चामडं लावते, पट्ट्या घासते, पॉलिश मारते. ओरडायचं काम पण माझंच.

सूर लावायचं काम चाचांचं.

पेटीच्या पोटात पितळेचे सूर असतात, बोटाच्या पेराएवढे. एकेका सुराला पातळ जीभ. वारा लागला की ती थरथरते, आणि आपण म्हणतो, वा, काय वाजतंय. ती जीभ टोकाला खरडली की सूर चढतो, बुडाला खरडली की उतरतो. केसभर इकडंतिकडं झालं की संपलं. खरडलेलं पितळ परत येत नाही.

खरडायची ती बारीक कानस. तिच्या शेपटाला लाल दोरा बांधलेला. चाचा अंघोळीला जाताना सदरा काढतात, पण खिशातली कानस काढून चाचीकडं देतात. चाचीकडं! तिला पेटीची कोणती बाजू वर, ते कळत नाही.

माझ्या हातात अकरा वर्षांत एकदाही नाही.

लोक येतात आणि मला ओलांडून आत बघतात. "चाचा कुठायत?" मी म्हणते, मी आहे ना. तर म्हणतात, "तुम्ही भाता शिवणाऱ्या बाई ना?"

एकदा एकाला मी म्हटलं, व्हय, भाता शिवते, तुमचं तोंड पण शिवून देऊ का? चाचा हसले. पण कानस दिली नाही.

…

मग माझ्या पोरीनं पुण्याहून लेबलं छापायचं मशीन पाठवलं.

साबणाच्या वडीएवढं. मोबाइलमध्ये बोलायचं, की हे छापून बाहेर सोडतं. मी म्हटलं, "बारीक स्क्रू." मशीननं घुर्रर केलं आणि जीभ काढल्यासारखी पांढरी पट्टी बाहेर. बारीक स्क्रू! काळ्या, ठसठशीत अक्षरांत. माझं अक्षर चौथीतच राहिलेलं, वाकडंतिकडं. आणि हे बघा, छापील!

मी तर नाचायचीच राहिले.

तीन दिवस मी कुणाचं ऐकलं नाही. सरस. मऊ चामडं. कडक चामडं. मोडकी बटणं. कशाचं काय माहीत नाही. हा शेवटचा डबा सगळ्यात मोठा. अकरा वर्षं त्या पडवीत आम्ही एक शोधताना दुसरं हरवत आलो होतो. आता आंधळ्यानं यावं आणि हात घालावा.

चाचीनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, "माझ्या डब्यांना लावशील तर हात मोडीन."

चाचा म्हणाले, "माझं कपाळ तेवढं राहिलं."

"जागा कुठाय तिथं? नुसत्या आठ्या."

जुन्या सुरांचा एक डबा होता. भंगारात गेलेल्या पेट्यांमधून काढलेले, चौऱ्याऐंशी सूर, सगळे एकत्र, शेवचिवड्यासारखे. चाचा त्यात हात घालायचे, एक तोंडाला लावायचे, टाकायचे, दुसरा लावायचे. अर्धा अर्धा तास.

मी एका दुपारात बारा डबे केले. पितळेवर इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. कोणतं अक्षर म्हणजे कोणती पट्टी, ते पोरीनं फोनवर सांगितलं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, असं करत पांढरी सातपर्यंत. बारा डबे, बारा लेबलं.

सगळ्यात शेवटी ते खिळ्याचं लेबल लावलं.

…

"अकरा वर्षं झाली, चाचा."

"झाली."

"आणखी काय शिकायचं राहिलंय, सांगा. लेबल करून लावते."

चाचांनी बाकाकडं पाहिलं. बाकावर पेटी उघडी पडली होती. शिरढोणच्या भजनी मंडळाची. उद्यापासून त्यांचा सप्ताह. पाच वाजता न्यायला येणार होते. काळी पाचच्या सुराची जीभ तुटली होती, तेवढंच काम बाकी.

"काळी पाच दे," चाचा म्हणाले.

मी बसल्या जागेवरून हात लांबवला. डबा, झाकण, सूर.

"धरा! दोन श्वास पण लागले नाहीत."

चाचांनी सूर घेतला नाही.

"बसव."

सूर बसवायला ते मला कधीच सांगत नाहीत. मी तुटका काढला, हा खाचेत सरकवला, भाता ओढला आणि पट्ट्या ओळीनं दाबत गेले.

पांढरी पाच. काळी चार. पांढरी सहा. काळी पाच…

जिना चढताना पायरी आहे म्हणून पाय टाकावा, आणि पायरी चार बोटं खालीच निघावी. तसं.

"हा खराब आहे," मी म्हणाले.

"दुसरा घे."

दुसरा घेतला. हा भलताच वर.

"तिसरा."

तिसरा तर पांढरी सातच्या घरात जाऊन बसला होता.

एकाच डब्यातले सात. सातच्या सात वेगळे.

"डब्यावर काय लिहिलंय?"

"काळी पाच."

"कुणी सांगितलं?"

"पितळेवर ठोकलंय. तुम्हीच बघा, अक्षर आहे."

"कधी ठोकलं?"

"मला काय माहीत! बनला तेव्हा."

"आणि नंतर?"

…

मी तो सूर बोटांत फिरवला.

नंतर तो एका पेटीत गेला. तिथं लागेना म्हणून कुणीतरी खरडला. ती पेटी मोडली, मग हा दुसरीत गेला. तिथं पुन्हा खरडला. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं. अक्षर तेच राहिलं. बरेचसे तर याच खिशातल्या कानशीनं खरडलेले. आणि मी अकरा वर्षं समोर बसून बघत होते!

माझं तोंड तापलं. चाचांवर नाही. स्वतःवर. एवढी मोठी लेबलं, एवढी सरळ, आणि आत सगळं खोटं.

मी परात ओढली. बाराही डबे तिच्यात ओतले. असा आवाज झाला की चाची आतून म्हणाली, "फुटलं का काय?"

"काय करतेस?" चाचा.

"तुम्ही गप्प बसा."

चाचांनी चहा बशीत ओतला.

पहिला सूर मी ओठांना लावला, फुंकला. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं पट्टी. पट्टी म्हणते एक, सूर म्हणतो एक. ही नाही. पुढची. नाही. पुढची… हां! दोन्ही आवाज एकात एक मिसळले, मधली थरथर गेली. पाण्यात पाणी ओतावं तसं.

पांढरी दोन. डब्यात.

दुसरा. काळी एक. डब्यात.

तिसरा फसवायला लागला. मी पुन्हा फुंकला. म्हटलं, बाबा, मी पण हट्टी आहे. काळी तीन. चल आत.

डबे तेच होते, लेबलं तीच. आतली माणसं बदलत होती.

पहिले दहा जड गेले. पुढचे वीस पळाले. नंतर नंतर पट्टी दाबायच्या आधीच मला कळायला लागलं. ओठाला लावला की कळायचं! मी आधीच मोठ्यानं सांगायची, "पांढरी चार!" आणि मग पट्टी दाबून बघायची. पांढरी चारच. "काळी दोन!" काळी दोनच. तोंडात पितळेची आंबट चव, ओठ सुजलेले, आणि मला हसू आवरेना. अंगात वारं शिरलं होतं.

एकदा मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. चाचांनी भरलेल्या डब्यातून एक सूर उचलला. हळूच फुंकला.

आणि होता त्याच डब्यात परत ठेवला.

थोड्या वेळानं आणखी एक. तो पण त्याच डब्यात.

तिसऱ्यांदा हात पुढं आला आणि मधेच थांबला. त्यांनी माझं मशीन उचलून घेतलं. मोबाइलला तोंड लावून, जसं काही तो बहिरा आहे, तसे ओरडले.

"चहा!"

घुर्रर. त्यांनी ते लेबल फाडलं आणि आपल्या कपावर चिकटवलं. कप उलटा करून बघितला. कप रिकामा होता. मान हलवली.

"खेळताय काय?" मी म्हटलं.

"तू काय करतेयस?"

"काम!"

"बरं."

…

पावणेपाचला परात रिकामी झाली. म्हणजे जवळजवळ.

मी डबे बघितले. अकरा डब्यांत सूर. बारावा मोकळा.

काळी पाच.

चौऱ्याऐंशी सुरांत एकही काळी पाच नाही! नेमकी जी पाहिजे तीच नाही. मी पुन्हा परातीत बघितलं. एकच उरलेला, काठाला चिकटून. हिरवट पडलेला, अक्षर पार झिजलेलं. त्याला मी चारदा फुंकला होता आणि चारदा बाजूला ठेवला होता.

पाचव्यांदा फुंकला.

बाहेर टेम्पो थांबला. दार आपटलं.

"चाचा! झाली का पेटी?"

पेटीच्या पोटात अजून भोक तसंच. उद्या सप्ताह. आणि हे लोक मला ओलांडून आत बघणार.

"चाचा, ऐका," मी म्हणाले. "हा एकच राहिलाय. पांढरी सहात टाकावा तर चढतो. काळी पाचात टाकावा तर खाली राहतो. थोडाच, पण राहतो. मला चक्क ऐकू येतंय, किती खाली ते."

"किती?"

मी बोटानं दाखवलं नाही. तोंडानं गायले. आधी तो सूर, मग पाहिजे तो. मधलं अंतर एवढुसं, नखाएवढं.

चाचा ऐकत राहिले.

"ओ चाचा!" बाहेरून पुन्हा.

"आलो," चाचा म्हणाले. पण माझ्याकडंच बघत.

"लेबल कोणतं लावू?" मी म्हणाले. "हा कशातच बसत नाही."

चाचा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. खिशात हात घातला. लाल दोरा बाहेर आला, त्याच्यामागून कानस आली.

मी हात पुढं केला.

त्यांनी माझ्या हातात दिली नाही. ते भिंतीपाशी गेले. दोरा खिळ्यात अडकवला. कानस हलत होती, ती बोटानं धरून थांबवली. लेबलावरच्या माझ्या नावाच्या बरोबर वर.

मग चपला शोधायला लागले. दारात पोचले. मी तशीच उभी, एका हातात तो हिरवट सूर, दुसरा हात पुढं केलेला.

चाचांनी मागं वळून बघितलं.

"मग त्यालाच विचार ना," ते म्हणाले, "कुठं बसायचंय."