हौसाचा दोर

एका राज्यात, जिथे डोंगर अधूनमधून जागा बदलत आणि लोक त्याची फारशी चर्चा करत नसत, हौसा नावाची एक बाई सात वर्षे चालत होती. एका मांत्रिकाच्या विहिरीचे पाणी तिने न विचारता वाटसरूंना शेंदून दिले होते. मांत्रिकाने चिडून शाप दिला, "या विहिरीत उतरलेला माणूस जिवंत वर येत नाही, तोवर तुझे पाय थांबणार नाहीत." विहिरीच्या तळाशी धन होते. जो त्याला हात लावी, तो तिथेच चिकटून राही.

हौसा चालता चालता जेवे, चालता चालता डुलकी घेई. बाया हसत, "आलीस की चाललीस गं?"

एके दिवशी टिटवी डोक्यावरून ओरडली, "नुसती किती चालशील? घायपाताचा वाख घे. दोर वळणाऱ्याला दिवसभर उलटं चालावंच लागतं."

हौसाने कमरेला वाखाचे तंतू गुंडाळले. शेजारची सोनकाबाई तंतूंना पीळ देणारा चरक फिरवू लागली आणि हौसा मागे मागे सरू लागली. पहिल्या दोराचा पीळ सुटला, दुसऱ्याचा गुंता झाला. तिसरा मात्र बैलालाही तुटेना. गाडीवान आले, नावाडी आले. हसणाऱ्या बायाच आता नऊ चरकांवर बसल्या.

राजाने दोर मागवले. एका दोराने माजलेला हत्ती बांधला. दुसऱ्याने पुरात नाव धरली. तिसऱ्या वेळी राजा स्वतः धावत आला. "बाई, युवराज मांत्रिकाच्या विहिरीत उतरलाय! चाळीस शिपाई ओढून थकले."

हौसाने दोर विहिरीत सोडला. युवराजाने तो कमरेला बांधला. दुसरे टोक खांद्यावर घेऊन ती निघाली. दोर ताणला, करकरला.

"थांब!" आतून किंकाळी आली. "हात तुटतील माझे!"

"मला थांबता येत नाही, युवराज! धन सोडा!"

"सोडवत नाही!"

"मग हात जातील!"

तिचे पाय पडतच होते. अंगाला घाम फुटला. एकाएकी दोर हलका झाला आणि युवराज रिकाम्या हातांनी काठावर आदळला. तळाचे धन पाण्यात विरघळले. विहिरीआडून बघणारा मांत्रिक धूर होऊन उडून गेला. हौसाचे पाऊल थांबले, तशी ती धपकन मातीत बसली.

राजा म्हणाला, "विहीर आजपासून सर्वांची. तू राजवाड्यात राहा."

"नको, महाराज. दोर वळायला नदीकाठची लांब, सरळ वाट द्या. चरक वाढवायचेत."

"शाप सुटला. आता कशाला चालशील?"

"चालेन की," हौसा पाय चोळत म्हणाली. "दमले की बसेन."