तान्हूमावशीची चिंधी

फार मागे, एका कुंभाराच्या फुप्फुसात तान्हूमावशी नावाची भक्षक पेशी राहायची. शिरलेला जंतू गिळायचा, पचवायचा आणि त्याची चिंधी अंगावर लटकवायची, म्हणजे गस्तीवाल्यांना शत्रू कळतो, अशी तिथली रीत होती.

एकदा तिने क्षयाचा जंतू गिळला. त्याचं कातडं मेणचट, तो काही पचेना. उलट आतच ऐसपैस बसून म्हणाला, "मावशी, तुमच्या पोटासारखी ऊब कुठे नाही हो."

न पचलेल्या कातड्याचा टवका लटकवला तर तो पचला नाही हे सगळ्यांना कळेल, या लाजेने मावशीने अंग कोरंच ठेवलं. पोटात एकाचे चार झाले. तिला धड हलताही येईना.

अखेर तिने मान खाली घालून मेणकातड्याचा एक टवका बाहेर लटकवला. गस्तीवरचा धोंडू लगेच आला.

"अहो मावशी, हा एकटीने कुणालाच पचत नाही," म्हणत त्याने स्वतःजवळच्या काढ्याचा घोट तिला पाजला. पोटात आग पेटली आणि चौघे विरघळले.

मावशीने सुटकेचा निःश्वास सोडला. मग चारही चिंध्या अंगावर लटकवून ती मुद्दाम सगळ्यांच्या वाटेत जाऊन बसली.