पांगरबोडीचे एकडोळे मासे

पांगरबोडीच्या उगवतीच्या काठावर एक जुना पांगारा आहे. त्याच्या फांद्यांना लाकडी मासे टांगलेले आहेत. काही वीतभर, काही बोटाएवढे. काहींची लाख उडून आतले पांढरे लाकूड दिसू लागले आहे, तर काही परवाच टांगल्यासारखे चकचकीत. वारा आला की ते सगळे एकदम तोंड फिरवतात आणि क्षणभर माशांचा घोळकाच झाडात वळल्यासारखा वाटतो. त्यातल्या एकाही माशाला गळ नाही. आणि प्रत्येकाला डोळा एकच आहे, डाव्या अंगाला, लाल गुंजेचा. उजव्या अंगाला डोळ्याच्या जागी नुसते कोरलेले भोक. झाडाच्या बुंध्याला गुंजेच्या वेलींनी असे वेढले आहे की साल शोधावी लागते.

बोडी म्हणजे लहान तळे. वैनगंगेच्या पूर्वेला, मोहा-पळसाच्या रानाला लागून, भाताच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, ही बोडी आहे. शहरातून हौसेने गळ टाकायला येणारे लोक कधीमधी इथवर पोचतात. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या रंगीत माशांनी भरलेले डबे असतात. मागच्या आषाढात असेच तिघे आले होते. काठावर गोदरूजी वलथरे जाळे दुरुस्त करत बसले होते. गावातले ते सर्वांत म्हातारे ढिवर, म्हणजे मासेमार. तिघांपैकी एकाने झाडाकडे बघून विचारले, "काका, यांचे दुसरे डोळे पडले का?"

"पडले नाही जी, ठेवले हायेत," गोदरूजी म्हणाले. "तुमचा डबा बंद करा आधी. या दिवसांत इथं गळ पडत नाही. बसा. काहून पडत नाही ते सांगतो."

ते जे सांगतात ते गावात सगळ्यांना पाठ आहे. तरी ते सांगू लागले की सगळेच थांबून ऐकतात.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे गोदरूजींच्या आज्यालाही नक्की सांगता येत नव्हते इतक्या वर्षांपूर्वी, इथे सुकरू नावाचा ढिवर राहत होता. जाळे सगळेच टाकत, पण गळाला लावायचा लाकडाचा मासा करावा तो सुकरूनेच, असे सांगतात. त्याच्या लाकडी माशावर बगळा झडप घालत असे. एकदा त्याने नवा मासा वळचणीला वाळत ठेवला, तर मांजर तो घेऊन पळाले म्हणे, आणि दात दुखावल्यावर त्याने रागाने तो सुकरूच्याच दारात आणून टाकला.

सुकरूच्या बायकोचे नाव पवना. लग्नाला नऊ वर्षे झाल्यावर तिला मुलगी झाली. मुलगी झाली आणि पवनाला दूधच आले नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. त्या साली गुरांना रोग पडला होता. गावात दुभती गाय उरली नव्हती. शेळीच्या दुधात कापडाची वात बुडवून पोरीच्या ओठांना लावली, तर ते तिला पचेना. तिसऱ्या दिवशी पोरीचे रडणे बारीक झाले. चौथ्या दिवशी ती रडायचीही थांबली, नुसते तोंड उघडायची आणि मिटायची.

म्हातारी सुईण म्हणाली, "मरळीचा रस्सा पाजा हिले. त्यानं दूध उतरते."

पण आषाढाचे दिवस. बोडी भरून वाहत होती, मासे बांध्याबांध्यांतून पांगले होते, जाळी रिकामी येत होती. सगळ्या बोडीत ठाऊक असलेली मरळ एकच होती, हातभर लांब. ती पांगाऱ्याखाली कमळाच्या देठांत राही. तिथे जाळे टाकले तर जाळेच फाटावे. आणि ती पिलांवर होती.

ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगितले पाहिजे. मरळीची पिले लाल असतात, अगदी कुंकवाच्या रंगाची. शेकडो पिले एका गोळ्याने वर येतात, श्वास घेतात, पुन्हा खाली जातात. त्या जागी पाणी उकळल्यासारखे दिसते. आई त्यांच्या खाली असते. त्या दिवसांत ती गांडूळ घेत नाही, बेडूक घेत नाही. पण पिलांच्या जवळ कुणी परका आला, की त्याच्यावर तुटून पडते. सुकरूला हे माहीत होते. भुकेने जी गळाला लागत नाही ती रागाने लागते, हे तर सगळ्याच ढिवरांना माहीत होते.

त्याने पांगाऱ्याची वाळलेली फांदी घेतली. हे लाकूड हलके, पाण्यावर तरंगणारे. सुरीने त्याचा मासा कोरला आणि खरवतीच्या खडबडीत पानाने घासला, तळहाताला कुठे टोचेनासा होईपर्यंत. मोहाच्या बियांचे तेल कोमट करून त्यात लाकूड मुरवले, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पोटाला खाच पाडून त्यात जाळ्याला वजन म्हणून बांधतात ती भाजलेल्या मातीची गोळी बसवली, म्हणजे मासा पालथा पडत नाही. शेपटाला कोंबड्याची दोन पिसे रेशमाच्या कोशाच्या धाग्याने बांधली आणि त्यांच्या आड लोहाराकडचा गळ लपवला.

मग पळसाच्या निखाऱ्यावर लाखेची कांडी धरून, मासा फिरवत फिरवत त्यावर पातळ लाख चढवली. लाख मऊ आहे तोवर जाळ्याचा ओला तुकडा तिच्यावर घट्ट दाबला आणि उचलला. जाळ्याच्या गाठींचे ठसे उमटले आणि लाकडाला खवले आले. जाळे ओले नसेल तर लाखेला चिकटून बसते, ही गोष्ट आजही पोरे आधी चुकून मग शिकतात. खवल्यांच्या खाचांत त्याने काजळी चोळली, वरची पुसून काढली. शेवटी पोटावरच्या लाखेत कुंकू कालवले. मरळीला चटकन दिसावे आणि तिला चटकन राग यावा म्हणून त्याने हा रंग निवडला होता. पिलांचाही रंग तोच आहे, हे त्याच्या घाईत त्याला आठवले नाही.

डोळे सर्वांत शेवटी बसवायचे असतात, कारण निखाऱ्याच्या धगीने गुंज तडकते. डोळे बसवायचे काम नेहमी पवनाचे असे. तिची बोटे बारीक होती. सुकरूने मासा आणि दोन गुंजा तिच्या बाजेवर नेऊन ठेवल्या. तिने पोर कुशीत ठेवूनच डाव्या अंगाला लाखेचा थेंब लावून गुंज बसवली. मग दुसरी गुंज चिमटीत धरून तिने विचारले, "का जी, हा कोनासाठी?"

सुकरूने सांगितले.

"पिलांवर हाय ना ते?"

"हाय. म्हनूनच गळाला लागन."

पवनाने लाखेजवळ नेलेली गुंज मागे घेतली.

"बसव ना," सुकरू म्हणाला.

"नाही बसवत."

"एकडोळ्या मासा? मरळ हसन मले."

"हसू द्या. माह्या लेकीसाठी तुमी तिले आनता, मी नको म्हनत नाही. कोन्त्या तोंडानं म्हनू? पन एका बाजूनं तरी खरं दिसू द्या तिले. लाकूड हाय हे तिले कळायची एक तरी बाजू ठेवा. मंग आली तर आली."

सुकरू चिडला, असे सांगतात. पोर उपाशी मरते आहे आणि हिला मरळीशी न्याय करायचा आहे, असे त्याला वाटले. पण चार दिवसांच्या बाळंतिणीशी काय भांडणार? दुसरी गुंज तिने पदराच्या गाठीत बांधली. सुकरू एकडोळ्या मासा घेऊन बोडीवर गेला.

दिवस कासराभर वर आला होता. पांगाऱ्याखाली पाणी उकळत होते. त्याने पिलांच्या पलीकडे मासा टाकला आणि हळूहळू त्यांच्यामधून ओढला. पहिल्यांदा मासा उजव्या अंगाने, आंधळ्या बाजूने गेला. पाण्याखालून एक काळी सावली वर आली, लाकडाच्या जवळ थांबली, आणि खाली गेली. दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले. सुकरूने मनातल्या मनात पवनाला बोल लावले. तिसऱ्या खेपेला दोरीला पीळ पडला, मासा वळला आणि गुंजेचा लाल डोळा तिच्या बाजूला आला. पाणी फुटले. दोरीने सुकरूची बोटे कापली, पण त्याने सोडली नाही. थोड्या वेळाने हातभर मरळ काठावरच्या चिखलात पडली होती.

त्याने गळ काढला, तिला ओल्या टोपलीत घातले, वर कमळाचे पान झाकले. मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते. मग तो बोटांचे रक्त धुवायला वाकला.

लाकडी मासा दोरीला बांधलेलाच उथळ पाण्यात तरंगत होता. त्याच्याखाली लाल पिले जमली होती. सगळीच्या सगळी. त्याच्या कुंकवाच्या पोटाला ती खालून तोंड लावत होती. सुकरूने दोरी थोडी ओढली, तर पिले मागोमाग आली. डावीकडे नेली, डावीकडे आली. मासा फिरून त्याची आंधळी बाजू त्यांच्याकडे झाली, तरी ती तिथेच जमली. दोन हातांवर एक बगळा येऊन उभा राहिला. त्याला काही घाई नव्हती.

सुकरू म्हणे तिथेच चिखलात बसला. पिले तोंडे उघडत होती आणि मिटत होती. घरात त्याने तेच पाहिले होते.

तो किती वेळ बसला हे कुणी सांगत नाही. गोदरूजी इथे नेहमी जाळ्याची गाठ मारायला थांबतात. मग सांगतात की सुकरूने बगळ्याला ढेकूळ मारून उडवले, टोपलीवरचे पान काढले आणि मरळीला दोन्ही हातांनी पाण्यात धरले. तिला तरतरी येईपर्यंत धरले. मग सोडले. लाकडी मासा त्याने बाहेर ओढला. पिले क्षणभर सैरभैर झाली, मग खालची सावली ओळखून गोळा झाली आणि कमळांत गेली.

सुकरू रिकामी टोपली घेऊन घरी आला. दारातून आत जायचे त्याला धैर्य होईना. पवनाने आतूनच विचारले, "नाही लागली का?"

"लागली होती."

"मंग?"

तो उंबऱ्यावर बसला आणि बाहेर बघत त्याने सगळे सांगितले. पिले लाकडाला कशी लागली, कशी मागोमाग आली. शेवटी म्हणाला, "तू आईले एक बाजू ठेवली, पवने. पिलांले कोनती बाजू होती? त्याईले दोन्ही बाजू आईच वाटत होत्या. मी तुह्या लेकीचं तोंडचं सोडून आलो. मले बोल."

पवना रडत होती. पोर जन्मल्यापासून ती एकदाही रडली नव्हती, असे सुईण मागाहून सांगे. नुसती कोरड्या डोळ्यांनी पोरीकडे बघत राहिली होती. आता ती त्या पाण्यातल्या लाल पिलांसाठी रडली, त्यांच्या आईसाठी रडली, उंबऱ्यावर पाठ करून बसलेल्या नवऱ्यासाठी रडली. आणि रडता रडता तिची चोळी ओली झाली. आधी तिला वाटले, आसवेच आहेत. सुईणीने हात लावून पाहिले आणि पोर उचलून तिच्या छातीशी लावली.

सुकरूला मागून पोरीचे चुटचुट पिणे ऐकू आले. तरी त्याने वळून पाहिले नाही. आवाज थांबेल अशी त्याला भीती वाटली.

पोर जगली. तिचे नाव गुंजाई ठेवले. बाराव्या दिवशी सुकरूने त्या माशाचा गळ काढून टाकला आणि मासा पांगाऱ्याला टांगला. त्याने पाण्यात उभे राहून शब्द दिला की लाल पिले पाण्यावर आहेत तोवर या बोडीत गळ पडणार नाही. पोरगी चालू लागली तेव्हा पवनाने पदराची गाठ सोडली आणि दुसरी गुंज झाडाच्या बुडाशी पेरली.

शहरातल्या तिघांपैकी एकजण हळूच म्हणाला, "काका, रडल्यावर दूध येतं, यात चमत्कार काय? शरीराचंच काम आहे ते."

"असन जी," गोदरूजी म्हणाले. "मी कुठं म्हनलो चमत्कार हाय? मरळ सोडली हे तर खरं ना? ते कोन्त्या शरीराचं काम?"

या गोष्टीला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढेच बघावे की आसपासच्या कित्येक तळ्यांतली मरळ संपली. इथे ती आहे. इथे ना पाटी आहे, ना पहारेकरी. एक शब्द दिलेला आहे आणि तो पाळणारी माणसे आहेत.

तेवढ्यात बांधावरून नितेश आला. राइस मिलमध्ये कामाला असतो, आठवडाभरापूर्वी बाप झाला आहे. त्याच्या हातात नवा मासा होता, जाळ्याचे ठसे एका बाजूला फिसकटलेले. गोदरूजींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"जाळं ओलं केलं नव्हतं ना रे?"

"विसरलो, आबा."

"हा मासा हाय का भोपळा हाय?"

"मासाच हाय, आबा. शेपूट हाय ना."

सगळे हसले. तरी गोदरूजींनी स्वतः उठून त्याला फांदी वाकवून दिली. नितेशची बायको प्रणाली पोर खांद्याशी घेऊन मागे उभी होती. मासा टांगला गेला तेव्हा तिने पदराची गाठ चाचपून पाहिली आणि पुन्हा घट्ट केली. पाहुण्यांनी आपले डबे गाडीत ठेवून दिले होते.

आजही आषाढ लागला की पांगरबोडीत गळ पडत नाही. आजही गावात मूल जन्मले की बाप लाकडाचा मासा करतो, त्याला गळ लावत नाही, आणि आई एकच डोळा बसवते. दुसरी गुंज तिच्या पदरात असते, मूल चालू लागेपर्यंत. आणि आजही, दिवस कासराभर वर आला की पांगाऱ्याखाली पाणी लाल होऊन उकळू लागते. तेवढा वेळ काठावर कुणी मोठ्याने बोलत नाही.