मरणाचं लुगडं

खारमांडवीच्या कोळीवाड्यात येशूच्या देवळाच्या पडवीत फादर जुझेबाबांचा मुक्काम होता. अंगावरच्या झग्याशिवाय दुसरा झगा नव्हता. होता तो त्यांनी एका कुडकुडणाऱ्याला देऊन टाकलेला. असा पुरुष गावात असल्यावर देव गावाची परीक्षा घेणारच!

वादळानंतर किनाऱ्याला एक परकी बाई लागली. मेलेली, उघडी. गुंडाळायला कापड द्या म्हणून बाबा दारोदार फिरले. घरोघरी पेट्या भरलेल्या, पण कोणाचा हात कुलपाकडे जाईल तर शपथ! विधवा सांतानबाय मात्र उठली. आमच्या बायका मरणाचं लुगडं जिवंतपणीच पेटीत तयार ठेवतात. तिचंही होतं, पांढरं, पदराच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने निळ्या दोऱ्याचा क्रूस घातलेला. तेच तिने दिलं.

कैतान तांडेलाची बायको आंतोनीबाय खदखदून हसली. "काय गे सांतान, आता तू मेलीस की फाटक्या जाळ्यात बांधायचं का तुला?"

बाबा म्हणाले, "आंतोनी, ते येशूच्या अंगावर गेलं. त्याचं तो बघेल."

परकीला माती दिली. पुढल्याच आठवड्यात धुकं उतरलं. ऊन डोक्यावर यायची वेळ झाली तरी हाताला हात दिसेना. कैतान होडी घेऊन बाहेर, आणि खाडीच्या तोंडाशी खडक! आंतोनीबाय धावत बाबांकडे आली.

"माझ्याकडे काय येतेस? सांतानला सांग," बाबा म्हणाले.

तिने मान खाली घालून सांगितलं. सांतानबाय तिथेच गुडघ्यांवर बसली. एक टोमणा मारला नाही हो! मी असते तर मारला असता.

होडी आली. माणसं पांढरीफटक. कैतान म्हणाला, "पुढे पाण्यावर एक बाई चालत होती. तोंड काही वळवलं नाही. आम्ही तिच्या मागे वल्हवत आलो. उथळात आलो नि ती खाली गेली. हे तेवढं वल्ह्याला अडकलं."

ओलं लुगडं. कोपऱ्यात निळा क्रूस.

सगळे कबरीकडे धावले. माती थापली होती तशीच, वर भेगसुद्धा नाही.

"घे बाय, तुझं तुला आलं," म्हणत बाबांनी लुगडं सांतानबायच्या हाती दिलं.

आंतोनीबाय म्हणाली, "मग बाबा, ती आता खाली उघडीच?"

ती घरी गेली, आपलं जरीकाठाचं मरणाचं लुगडं आणलं, कबरीवर पसरलं आणि मातीला कपाळ टेकलं.

वर बघते तो लुगडं नाही! वारा तर पडलेला. चोरलं म्हणणाऱ्याने एकदा त्या धुक्यात होडी घालून बघावी. आंतोनीबायने मात्र पुन्हा कपाळ टेकलं, या वेळी सांतानबायच्या पायांवर.