काळी कड असलेला शिपाई

कुठल्याशा एका राज्यात अंगठ्याएवढ्या लाकडी बाहुल्या रंगवणारी एक बाई राहत होती. जवसाच्या तेलात रंग खलून ती त्या एवढ्याशा चेहऱ्यांवर हसूसुद्धा उमटवायची. हातात कसब होतं, पण काळीज सशाचं.

एकदा राजाचा लहानगा मुलगा तापाने फणफणला. औषधाला तोंड लावेना. "चकाकत्या चिलखताचा शिपाई उशाशी ठेवा, मगच घेईन," असा त्याने हट्ट धरला. दोन शिपाई आणले, तर "हे मातकट आहेत" म्हणून भिरकावून दिले. मग राणीने या बाईला बोलावलं.

"संध्याकाळपर्यंत कर गं बाई. वैद्य म्हणतात, आजची रात्र औषधावाचून काढणं अवघड आहे."

बाई घरी आली ती थेट रंग खलायलाच बसली. चिलखताला तिने करडा रंग दिला, तो राखेसारखा दिसला. वर पांढरा दिला, तर चुना फासल्यासारखं झालं. मग आणखी पांढरा, आणखी पांढरा! ऊन भिंतीवरून उतरायला लागलं, तसा तिचा जीव टांगणीला लागला.

"जरा काळा लावून बघ की," नवरा म्हणाला.

"भलतंच काय बोलता! राजघरच्या खेळण्याला काळं लावायची रीत नाही. त्यात पोर आजारी. काही बरंवाईट झालं तर माझ्या माथी येईल!"

तिला रडूच कोसळलं. डोळे पुसताना समोरच्या विळीकडे तिचं लक्ष गेलं. पात्यावर उन्हाची तिरीप पडली होती, आणि त्या लखलखत्या रेघेला खेटून होती काळीकुट्ट रेघ.

तेलाचा रंग अजून ओलाच होता. तिने तो सगळा फडक्याने पुसला. मग काळी कड ओढली, शेजारी पांढरी बारीक रेघ काढली आणि कोरड्या कुंचल्याने दोन्ही रंग हलकेच एकमेकांत मिसळले. लाकडाचं पोलाद झालं.

महालात मात्र राणीचा चेहरा उतरला. "काळं? माझ्या आजारी लेकरासाठी?"

"राणीसाहेब, त्याच्यावाचून लकाकत नाही हो," बाई कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात मुलाने शिपाई उचलला. ओला काळा रंग त्याच्या बोटाला लागला. बाईने डोळे गच्च मिटले.

"आई, बघ! तू मला लावतेस तशी यालाही तीट लावलीय. म्हणून हा कुणाला भीत नाही," असं म्हणून त्याने औषधासाठी तोंड उघडलं.

राणीने लेकाच्या गालावरच्या तिटेकडे पाहिलं आणि चमचा भरला.

तात्पर्य: भीतीपोटी सगळंच पांढरं करत सुटलं, की चकाकीही हरवते. काळ्यालाही त्याची जागा द्यावी लागते.